दोन्ही हातांची सरगम

संगीत हा विषय या सदरांत आम्ही आजवर टाळीत आलों. त्यांतील आमची गति बेताची आहे, आणि ज्यांत गति नाहीं त्यावर पानें भरणें म्हणजे वाचकांच्या वेळेचा अनादर करणें होय. या महिन्यांत मात्र हा नियम मोडणें प्राप्त झालें आहे. जें सांगावयाचें आहे तें पियानोच्या अभ्यासाविषयीं आहे खरें; परंतु त्यांत आमच्या हातून घडलेल्या एका जुन्या अन्यायाचाहि भाग आहे, आणि तो सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं.

आमचें घर चिखल्यास. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील हें गांव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे तें मॅंगनीजच्या खाणीमुळें. मध्यप्रांतांतील हें खनिज शोधण्यासाठीं १८९६ सालीं जी इंग्रजी कंपनी निघाली, तिचा कारभार पुढें १९६२ सालीं ‘मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ या संस्थेकडे आला. आमचे वडील खाणीच्या कचेरींत कारकून होते. दिवसभर आंकड्यांचे रकाने भरावे आणि संध्याकाळीं हातपाय धुऊन पेटी काढून बसावें, असा त्यांचा नेम असे. हा सगळा मुलुख झाडीपट्टीचा. धान घरांत आलें, थंडी पडली, कीं गांवोगांव रात्र-रात्र नाटकें चालतात. त्यांना ऑर्गन-तबल्याची साथ लागते, आणि त्यामुळें पट्ट्यांवर बोटें फिरविणारा मनुष्य या भागांत दुर्मिळ नाहीं. वडिलांची ती हातपेटी अजून आमच्या ओसरीवर आहे. आरतीला आणि भजनाला ती आम्ही साठ वर्षें वाजवीत आलों आहों.

यंदाच्या उन्हाळ्यांत आमची अकरा वर्षांची नात नागपुराहून आली ती एक विजेवर चालणारा कीबोर्ड काखोटीस मारूनच. ती पियानो शिकते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज आणि असोसिएटेड बोर्ड या संस्था अनुक्रमें १८७२ व १८८९ सालच्या. त्यांच्या परीक्षा आपल्या देशांतील कित्येक शहरांत होतात. तशीच एक परीक्षा तिला पावसाळ्यांत द्यावयाची होती. त्या परीक्षांत नुसत्या रचना वाजवून भागत नाहीं. ‘स्केल’ वाजवून दाखवावी लागते. स्केल म्हणजे आपला आरोह-अवरोहच म्हणावा. पहिली स्केल शिकवितात ती ‘सी मेजर’. म्हणजे पांढरी एक या पट्टीचा सा धरून सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सरळ वर जावयाचें आणि परत यावयाचें. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं ज्या बिलावल थाटाला शुद्ध स्वरांचा थाट मानलें, त्याचेच हे स्वर. आपल्याकडचें लहान मूल पहिल्या आठवड्यांत जें शिकतें तेंच हें. मग त्यांत अवघड तें काय?

अवघड हें, कीं ती दोन्ही हातांनीं एकदम वाजवावयाची असते. नातीचा उजवा हात एकटा वाजवी तेव्हां स्वर कसे माळेंत ओवल्यासारखे येत. डावा एकटा वाजवी, तोहि थोडा जड असला तरी चुकत नसे. परंतु दोन्ही एकत्र सुरू झाले कीं नव्यानें जुंपलेल्या बैलांच्या जोडीसारखी गत होई: एक पुढें ओढी, दुसरा जागींच अडे, आणि तिसऱ्या-चौथ्या स्वराला सारी गाडी चाकोरी सोडून जाई. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हेंच चाललें. नवव्या दिवशीं तिनें कीबोर्डावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “आबा, माझे हात एकमेकांचें ऐकतच नाहींत. मला नाहीं जमायचें. बाबांना सांगा, मी परीक्षेला बसत नाहीं.”

आम्हीं तिची समजूत घातली, आणि ती अगदीं चुकीची घातली. आम्ही म्हणालों, “नको बसूंस. आपल्या संगीताला दोन हात लागतच नाहींत. माझ्याकडे बघ, साठ वर्षें एका हातानें वाजवितों आहें, कुणाचें कांहीं अडलें का?”

हें बोलतांना आम्हांला मोठा शहाणपणा केल्यासारखें वाटलें, तें कां, हेंहि थोडें सांगितलें पाहिजे. पेटी हें वाद्य मूळ आपलें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें फ्रान्समध्यें तयार झालें. तिकडची पेटी पायानें भाता मारून वाजवीत, त्यामुळें दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. आपल्याकडे गाणारे-वाजविणारे खालीं मांडी घालून बसणारे. त्यांच्या सोयीसाठीं कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास हातानें भाता मारण्याची पेटी काढली, असें सांगतात. ती देशभर पसरली, आणि तिनें डावा हात भात्याला बांधून टाकला. यांत आपलें कांहीं नुकसान झालें असेंहि नाहीं. आपलें संगीत एका वेळीं एकाच स्वरमालेचें. पाश्चात्त्यांप्रमाणें चार स्वर एकावर एक रचून उभें राहणारें नव्हे. मींड, आंदोलन हीं तर पट्टीवर निघतच नाहींत. म्हणूनच ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला आपल्या दारांतून बाहेर घातलें आणि १९७१ पर्यंत आंत घेतलें नाहीं. तरीहि महाराष्ट्रानें पेटीवर जीव लावला. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या, ते थोर पेटीवादक होते. पु. ल. देशपांडे यांचें पेटीवेड तर आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा परंपरेच्या आधारानें आम्हीं आपल्या एका हाताचें समर्थन करून टाकलें.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आमची धाकटी बहीण तांदूळ निवडीत बसली होती. तिला घरांत सगळे आक्का म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, यजमान गेल्यावर ती आमच्याकडेच राहावयास आली. तिनें सूप बाजूला ठेवलें आणि नातीला म्हणाली, “इकडे ये ग. कोणत्या स्वराला कोणतें बोट, तें मला कागदावर लिहून दाखव.”

पियानोवाले बोटांना आंकडे देतात: अंगठा एक, करंगळी पांच. नातीनें सा रे ग म प ध नी सां असे स्वर लिहिले. त्यांखालीं उजव्या हाताची ओळ लिहिली: १ २ ३ १ २ ३ ४ ५. तिच्याखालीं डाव्याची: ५ ४ ३ २ १ ३ २ १. आक्कानें चष्मा पुसला आणि विणकामाचा नमुना पाहावा तशी ती त्या दोन ओळींकडे बराच वेळ पाहत राहिली.

वाचकांपैकीं ज्यांना पियानोची ओळख नाहीं त्यांनींहि या दोन ओळींकडे एकवार पाहावें. सगळी अडचण तेथें मांडलेली आहे. स्वर आठ आणि बोटें पांच. म्हणून प्रत्येक हाताला मध्यें एकदां जागा बदलावी लागते. उजवा हात ग वर मधलें बोट ठेवतो, आणि त्याच्या खालून अंगठा सरकून म वर येतो. डाव्याची बदलण्याची जागा मात्र तेथें नाहीं. तो करंगळीपासून निघून प वर अंगठ्याला येऊन पोंचतो, आणि मग मधलें बोट अंगठ्यावरून ओलांडून ध वर टाकतो. एक हात वळतो तेव्हां दुसऱ्यानें सरळ जावयाचें, दुसरा वळतो तेव्हां पहिल्यानें सरळ जावयाचें. माणसाच्या हातांची स्वाभाविक ओढ याच्या उलट आहे. दोन्ही हात आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें एकाच वेळीं एकच हालचाल करूं पाहतात. डाव्या हाताची सूत्रें मेंदूच्या उजव्या भागाकडे, उजव्याचीं डाव्या भागाकडे, आणि या दोन भागांत सतत निरोपांची देवघेव चालते. एकाला वळ म्हटलें कीं दुसराहि वळूं लागतो. हा कांहीं मुलीच्या बुद्धीचा दोष नव्हे. फार पूर्वीं तर वादक अंगठा शक्य तों वापरीतच नसत. थोरल्या बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यानें १७५३ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्याला मानाचें स्थान दिलें. पुढें शोपॅं या विख्यात पियानोवादकानें तर असें मत दिलें, कीं ही सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल वाचावयास सोपी, पण हाताला सर्वांत कठीण. जी पहिली म्हणून शिकवितात तीच अवघड, ही गोष्ट शिकणाऱ्यास कुणी सांगत नाहीं.

आक्काला बाख आणि शोपॅं ठाऊक नव्हते. तिनें कागदावर दोन ठिकाणीं बोट ठेवलें. “हें बघ, ग वर दोन्हीकडे तीन आहेत. आणि ध वर पुन्हां दोन्हीकडे तीन. म्हणजे दोन्ही हातांचीं मधलीं बोटें येथें एकमेकांना भेटतात. मधल्या रस्त्यानें कोण कसा येतो तें राहूं दे. ग ला भेटायचें, ध ला भेटायचें, एवढें धर. भेट झाली कीं ‘धा’ म्हण.”

“धा कशाला, आत्याआजी?”

“अग, तबल्यावर उजव्यानें ना आणि डग्ग्यावर डाव्यानें घे, दोन्ही एकदम पडले म्हणजे धा. तबलजीला पहिल्या दिवसापासून दोन हात लागतात. त्याला कुणी सांगत नाहीं कीं आपल्या संगीतांत एका हाताचें काम.” हें शेवटचें वाक्य बोलतांना तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं.

मग तिनें नातीच्या हातांना कीबोर्ड शिवूंच दिला नाहीं. दोघी समोरासमोर बसल्या आणि मांडीवर हात मारीत तीनतालाचा ठेका म्हणूं लागल्या. आठ स्वर वर जातांना, वरचा सां पुन्हां धरून आठ खालीं येतांना. बरोबर सोळा मात्रा. सम येते ती खालच्या सा वर, आणि नवव्या मात्रेची खाली येते ती परत फिरतांना वरच्या सां वर. पियानोवाल्यांना लय धरण्यासाठीं मेट्रोनोम नांवाचें टिकटिक करणारें यंत्र लागतें. आमच्या ओसरीवर तें काम सत्तरी ओलांडलेल्या एका बाईनें केलें. आक्काची लय इतकी पक्की होती कीं आम्ही चकित होऊन विचारलें, “तूं हें केव्हां शिकलीस?”

ती म्हणाली, “शिकलें कुठें? दाराआडून ऐकलें.”

येथें आमच्या अपराधाची गोष्ट येते. १९६२ सालीं आम्ही चौदा वर्षांचे होतों आणि आक्का दहा-अकरांची. वडिलांनीं आम्हांला तबला शिकविण्यासाठीं तुमसरहून एक गुरुजी ठेवले होते. ते सायकलवर येत. हिवाळ्यांत नाटकांना साथ करीत. शिकवणी ओसरीवर चाले आणि आक्का माजघराच्या दाराआड उभी राही. आम्ही आळशी, आमचा हात सहा महिन्यांत कायद्याच्या पलीकडे गेला नाहीं. एके दुपारीं आम्ही शाळेंतून लौकर आलों तों परसदारीं आक्का एक पालथें घमेलें आणि एक पाट पुढें घेऊन गुरुजींचा तोच कायदा वाजवीत होती. आणि आमच्याहून पुष्कळ स्वच्छ वाजवीत होती. आम्हांला कौतुक वाटावयास हवें होतें. वाटला तो मत्सर. संध्याकाळीं आम्हीं वडिलांना सांगितलें, कीं आक्का घरकाम टाकून घमेलें बडवीत बसते. वडील कठोर नव्हते. पण मुलीच्या जातीनें तबला वाजविणें त्या काळच्या घरांत कुणाच्या कल्पनेंतहि नव्हतें. आक्काला चार शब्द ऐकावे लागले आणि शिकवणीच्या वेळीं दार लावून घेण्याची ताकीद मिळाली. वर्षभरांत आम्ही तबला सोडला आणि पेटीकडे वळलों. बंद दार मात्र बंदच राहिलें.

काळच तसा होता, असें म्हणून ही गोष्ट झटकतां येईल. आणि इतकीं वर्षें आम्हीं ती तशीच झटकली. परंतु याच काळांत, आक्काहून वयानें मोठ्या असलेल्या मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) तबला शिकल्या आणि पुढें स्वतंत्र तबलावादनाच्या मैफली करूं लागल्या. तेव्हां काळाला सगळा दोष देतां येत नाहीं. त्यांतला कांहीं घरांतल्या माणसांचा असतो, आणि आमच्या घरांत तो आमचा होता. त्या दिवशीं नातीला ‘नको बसूंस’ असें सांगतांना आम्ही दुसऱ्यांदा एक दार लावूं पाहत होतों. फरक इतकाच, कीं या खेपेस तें मायेनें लावीत होतों.

असो. अभ्यास पुढें कसा गेला तें सांगतों, कारण ज्या घरांतून मुलें असा अभ्यास करीत असतील त्यांना त्याचा उपयोग होईल. तीन दिवस फक्त मांडीवरचा ठेका. मग कीबोर्ड उघडला तो उलट्या चालीनें: दोन्ही अंगठे मधल्या एकाच सा वर ठेवावयाचे, आणि उजव्यानें वर, डाव्यानें खालीं, असें एकमेकांपासून दूर जावयाचें. कानाला हें जरा विचित्र लागतें, कारण एक हात आरोह म्हणतो तेव्हां दुसरा अवरोह म्हणत असतो. परंतु हातांना मात्र परम सुख होतें. दोन्हीकडे तेंच बोट त्याच वेळीं पडतें, दोन्ही अंगठे एकाच क्षणीं वळतात. या चालीची स्केल पियानोच्या शिक्षणांत मुळांतच आहे. नातीच्या पुस्तकांतहि ती होती, पण पुढच्या पानावर असल्यानें तिनें उघडून पाहिली नव्हती. दोन्ही हात बरोबर चालूं शकतात एवढा विश्वास तिला त्या चालीनें दिला.

त्यानंतर सरळ चाल. तीहि एकदम पुरी नाहीं. पहिले तीनच स्वर, ग वर भेट, थांबा. मग ग पासून ध पर्यंतचे चार स्वर. सारी कटकट याच तुकड्यांत आहे, कारण दोन्ही हातांचीं वळणें याच टप्प्यांत एकामागून एक येतात. या चार स्वरांना एक आठवडा लागला. मग ध पासून सां, आणि मग तुकड्यांची जोडणी. लय इतकी मंद, कीं एका स्वरानंतर दुसऱ्याचा विचार करावयास सवड मिळावी. चुकलें तर पुन्हां आरंभापासून नाहीं, फक्त तो तुकडा. आरंभापासून घेतल्यानें जें येतें तेंच अधिक चांगलें येतें, आणि जें येत नाहीं तें तसेंच राहतें. बसणें दहा मिनिटांचें, पण दिवसांतून तीनदां. थकलेला हात चुकाच पाठ करतो. आणि उठण्यापूर्वीं एकदां डोळे मिटून. डोळे उघडे असतांना मुलगी उजव्या हाताकडे पाही आणि डावा पोरका होई. मिटल्यावर दोघांकडे सारखें लक्ष जाऊं लागलें.

आम्हींहि एका रात्रीं सगळे निजल्यावर कीबोर्डाशीं बसून पाहिलें. उजवा हात लीलेनें गेला. डाव्यानें साठ वर्षें भाता मारला होता. प्रत्येक स्वराला त्यानेंच वारा पुरविला, पण स्वतः एकहि स्वर कधीं काढला नव्हता. करंगळी सा वर ठेवली आणि ती कांपूं लागली. एकत्र कुटुंबांत अशीं माणसें असतात. त्यांच्या श्रमावर घराचें गाणें चालतें, आणि गाणें कोणाचें म्हणून विचारलें तर त्यांचें नांव कुणी घेत नाहीं. त्या रात्रीं आम्ही फार वेळ वाजवूं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आक्का एकटी असतांना आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलों आणि त्या घमेल्याची आठवण काढली. क्षमा हा शब्द आमच्या पिढीच्या भावांना बहिणीपुढें उच्चारतां येत नाहीं. तो आम्हांलाहि आला नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, “त्या दिवशीं मीं सांगावयास नको होतें.” ती तांदळांतला खडा वेंचीत म्हणाली, “मला ठाऊक होतें, तूंच सांगितलेंस म्हणून.” साठांहून अधिक वर्षें तिला ठाऊक होतें, आणि दर भाऊबीजेला ती आम्हांला ओवाळीत आली होती.

तुमसरहून तबला-डग्ग्याची एक जोडी आम्हीं आणविली आहे. आक्काच्या बोटांचे सांधे आतां दुखतात. कायदा स्वच्छ निघत नाहीं आणि तिचें तिलाच हंसूं येतें. पण ठेका निघतो. नात परीक्षा देऊन आली. स्केल वाजवितांना परत येतेवेळीं एकदां अडखळली, पण थांबली नाहीं, असें तिनें कळविलें आहे. निकाल यावयाचा आहे. तो कसाहि लागला तरी दिवाळीला ती येईल तेव्हां ओसरीवर ती कीबोर्ड वाजविणार, आक्का तीनताल धरणार, असें दोघींनीं परस्पर ठरवून टाकलें आहे. आम्हांला टाळी-खाली दाखविण्याचें काम दिलें आहे.

वाचकांस विनंति एवढीच. आपल्याहि घरांत एखादें दार पूर्वीं कधीं तरी लावलेलें असेल. ज्यानें लावलें तो हयात असेल आणि जिच्यासाठीं लावलें तीहि हयात असेल, तर दिवाळीची वाट पाहूं नये.